दीड वर्षाचा रियाज आणि न लागणारा सा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं वय ४३ होतं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्यांना इथे नुसतं 'बाई' म्हणते. नोकरी ग्राहकांशी फोनवर बोलण्याची, दिवसाचे सात-आठ तास. गाणं कधीच शिकलेल्या नव्हत्या. लहानपणी समूहगीताच्या वेळी त्यांना मागच्या रांगेत उभं करून 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलं गेलं होतं. ते वाक्य तीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मागणी साधी होती: एक गाणं, अख्खं, साथीशिवाय, घरच्यांसमोर म्हणायचं.

पण त्या कोऱ्या पाटीने आल्या नव्हत्या. दीड वर्ष त्या रोज पहाटे तासभर कराओकेच्या ॲपवर गात होत्या. एकही दिवस खाडा नाही. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "ताई, रियाजाने आवाज सुधारतो असं सगळेच सांगतात. माझा तर बिघडला. मग ते खोटं आहे, की मीच त्यातली नाही?"

हे प्रकरण लिहून काढण्याचं कारण हा प्रश्न आहे. 'गळा उपजतच लागतो' असं सांगून लोकांना दारातून परत पाठवणारे मी पाहिले आहेत, आणि 'सराव करत राहा, जमेल' म्हणून वर्षानुवर्षं झुलवत ठेवणारेही पाहिले आहेत. बाईंनी मेहनत कमी केली नव्हती. तरीही ती मेहनत उलटी का फिरली, हे शोधल्याशिवाय त्यांना आणखी मेहनत करायला सांगणं मला अन्यायाचं वाटलं.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या दिवशी मी पेटीवर काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी धरली आणि सा लावायला सांगितला. त्यांचा आवाज तीनेक स्वर खाली राहिला, तोही डळमळत. "जरा वर या," मी म्हटलं. त्या जोरात गायल्या. "अजून वर." आणखी जोरात, मानेच्या शिरा ताठ. आवाज चढला, स्वर जागचा हलला नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षं शिकवूनही मी नीट पाहिली नव्हती. 'आवाज चढवला', 'वरच्या आवाजात बोलला' असं म्हणताना आपल्या मनात मोठा आवाज असतो. गाणाऱ्याच्या भाषेत 'वर' म्हणजे स्वर उंच. न शिकलेल्या माणसाला 'वर या' म्हटलं की तो जोर लावतो, आणि जोर लावला की गळा आवळतो. बाई माझं तंतोतंत ऐकत होत्या. चुकत होती ती माझी सूचना.

मग पेटी बाजूला ठेवली. "फोनवर समोरच्याचं ऐकताना तुम्ही 'हं' म्हणता ना? तेवढंच म्हणा, फक्त लांबवा." त्यांनी लांबवलं. तो 'हं' पांढरी पाचच्या आसपास होता, सेकंदाला साधारण १९६ कंपनं. त्यांना माझ्या सा पर्यंत ओढण्याऐवजी मीच इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा सा त्यांच्या 'हं'शी नेऊन ठेवला आणि अगदी बारीक फरकाने सरकवत गेले. जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले की हवेत हेलकावे उठतात; एक १९६ आणि दुसरा २०० कंपनांचा असेल तर सेकंदाला चार हेलकावे. स्वर जवळ येतील तसे ते संथ होतात, आणि स्वर एक झाले की विरून जातात. बाईंचा हात छातीवर होता. मध्येच त्या थांबल्या.

"हे थांबलं."
"काय थांबलं?"
"ती थरथर. मघाशी होती, आता गेली."

त्यांना सूर ऐकू येतो याचा याहून चांगला पुरावा मला नको होता. तरी खात्रीसाठी दोन चाचण्या केल्या. वीस वेळा दोन-दोन स्वर वाजवून 'कोणता उंच?' असं विचारलं. काही जोड्यांत फरक फक्त अर्ध्या स्वराचा होता. अठरा उत्तरं बरोबर आली. मग तंबोरा त्यांच्या हातात देऊन पेटीच्या स्वराशी जुळवायला सांगितला. बोटाने त्यांनी तो जवळपास अचूक जुळवला. तोच स्वर गळ्यातून मात्र येईना.

बाई यात एकट्या नाहीत. शॉन हचिन्स आणि इझाबेल पेरेट्झ या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच तपासलं होतं. पुष्कळ लोक हाताने सरकपट्टी हलवून स्वर नेमका जुळवत होते आणि गळ्याने चुकत होते. त्यातही स्वतःच्याच आवाजाचा ध्वनिमुद्रित स्वर जुळवणं त्यांना यंत्राच्या स्वरापेक्षा सोपं जात होतं. स्वरांतला फरक मुळातच न कळणं, ज्याला अम्युझिया म्हणतात, ते क्वचितच आढळतं. जुना अंदाज सुमारे ४ टक्क्यांचा होता. २०१७ च्या एका मोठ्या ऑनलाइन पाहणीत तो दीड टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे ज्यांना आपण 'बेसूर' म्हणून मोकळे होतो, त्यांतल्या बहुतेकांचा कान शाबूत असतो. कानाने ऐकलेलं गळ्याला कसं सांगायचं ही वाट तेवढी रुळलेली नसते.

दुसरी अडचण वेगळीच होती. संध्याकाळी त्यांचा आवाज बसायचा. चार-पाच महिने हे चाललं होतं आणि त्यांनी ते रियाजाचं लक्षण मानलं होतं. 'गळा तापल्याशिवाय तयार होत नाही' असं कुणी तरी सांगितलेलं.

तिसरी पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा किती उंचावर धरला आहे त्याची. ॲपवरची गाणी मूळ पट्टीत होती, बाईंच्या सोयीच्या जागेपेक्षा तीन-साडेतीन स्वर वर. कानाला हेडफोन, त्यात मोठ्याने वाजणारं संगीत. गोंगाटात माणूस नकळत आवाज मोठा करतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. दीड वर्ष रोज तासभर बाई आपला स्वर न ऐकता, आपली नसलेल्या पट्टीत, ओरडण्याचा सराव करत होत्या. आणि सराव झाला की गोष्ट पक्की होते. इथे ओरडणं पक्कं झालं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रूढ होता: पेटीवर सा धरून रोज लांब सूर लावायचा, मग अलंकार, म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमांचे पलटे. हजारो लोक असे शिकले आहेत. पण ज्याचा स्वर जुळलेलाच नाही त्याने तासभर लांब सूर लावला तर तो न जुळलेलाच सूर घोटला जातो. शेजारी गुरू बसलेला असेल तेव्हा ही पद्धत चालते. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आणि उरलेले पाच दिवस एकट्याने बसणाऱ्या माणसाला ती धोक्याची आहे.

दुसरा, स्वराचा आलेख दाखवणारं ॲप. त्याचा उपयोग होतो, पण आलेख बघत गाणारा माणूस डोळ्यांनी सूर लावू लागतो. पडदा काढला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिसरा बाईंनी स्वतःच सुचवला, आणि तो मला फार लागला. "नाही तर राहू दे का, ताई? नुसतं ऐकायला शिकवाल का?" ऐकणं शिकणं ही लहान गोष्ट नाही. पण इतका चांगला कान असलेल्या माणसाने हार मानून श्रोता व्हावं, हे मला पटेना.

चौथा, आधी गाणं थांबवून गळा तपासून घ्यायचा आणि मग तळापासून सुरुवात करायची. दीड वर्षं रोज गाणाऱ्या माणसाला 'तीन आठवडे गाऊ नका' सांगणं सोपं नव्हतं. आम्ही तोच धरला.

काय केलं

बसलेला आवाज तीन-चार आठवड्यांत मोकळा झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू बघून घ्यावेत. गाणाऱ्याने तर यात एक दिवसाचीही चालढकल करू नये. (जिवंत माणसाचे गाताना हलणारे स्वरतंतू आरशातून पाहण्याची युक्ती १८५४ मध्ये मानुएल गार्सिया यांनी शोधली, आणि ते गाण्याचे शिक्षक होते. मला याचा अभिमान वाटतो.) बाईंच्या स्वरतंतूंच्या कडांना सूज होती, गाठी नव्हत्या. डॉक्टरांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तिथे बोलण्याची सवय सुधारली: वाक्याच्या शेवटी श्वास संपल्यावरही शब्द रेटायचे नाहीत, फोनवर पुढे झुकून ओरडायचं नाही, अधूनमधून पाणी प्यायचं, आणि घसा बसला म्हणून कुजबुजायचं नाही, कुजबुजण्याने बहुतेकांच्या गळ्यावर उलट ताणच येतो.

तीन आठवड्यांनी सुरुवात झाली ती पाण्याच्या ग्लासात बुडवलेल्या स्ट्रॉने. स्ट्रॉमधून 'ऊ' काढत बुडबुडे काढायचे. दिसायला पोरखेळ, पण तोंडाशी वाट अरुंद झाली की आतल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते एकमेकांवर कमी आपटतात. इंगो टिट्झ या शास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. बाईंसाठी त्याचा आणखी एक फायदा झाला: स्ट्रॉतून ओरडताच येत नाही. जोर न लावता स्वर वर नेता येतो हे त्यांच्या गळ्याला तिथे पहिल्यांदा कळलं.

तासभराचा रियाज बंद. त्याऐवजी दिवसातून चार वेळा, पाच ते सात मिनिटं. त्या वेळात स्ट्रॉ, मग तोच 'हं', तंबोऱ्याशी जोडून, थरथर थांबेपर्यंत. मग 'हं'चा 'आ'. सहा आठवडे फक्त सा, रे आणि ग. स्वर लावताना आधी दोन सेकंद गप्प राहून तो मनात ऐकायचा, मग गळ्यातून काढायचा; सुरुवातच चुकली तर सरकवत जाऊन दुरुस्त करायचा नाही, थांबून पुन्हा लावायचा. सरकत स्वर शोधण्याची सवय त्यांना फार होती आणि ती मोडायला सर्वांत जास्त वेळ गेला.

नमुन्याचा स्वर मी पेटीऐवजी गळ्याने द्यायचे. माणसाच्या आवाजाशी माणसाचा आवाज लवकर जुळतो. घरी जुळवायला त्यांचाच चांगला लागलेला सा ध्वनिमुद्रित करून दिला. "माझ्याच आवाजाला मी गुरू केलं," असं त्या म्हणायच्या. रोज एक मिनिट ध्वनिमुद्रण, पण ऐकायचं तासाभराने. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो आणि ध्वनिमुद्रणात परका. पहिले काही दिवस हा परका आवाज ऐकून त्या रडल्या. मी सांगितलं, तो आवडायची घाई नको, फक्त सा लागला की नाही तेवढं ऐका.

आलेखाचं ॲप ठेवलं, पण गाऊन झाल्यावर बघायला. सुरुवातीला त्यांचा सा दीडशे ते तीनशे सेंटने चुकायचा. शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर, पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराएवढा. दोन महिन्यांत लांब लावलेला सा चाळीस सेंटच्या आत आला.

तिसऱ्या महिन्यातली माझी चूक

इतकं बरं चाललेलं पाहून मला घाई झाली. मी सबंध सप्तकाचे अलंकार दिले आणि त्यांना म्हणायचं होतं ते गाणंही सुरू केलं, मूळ लयीत. एका आठवड्यात सगळं विस्कटलं. सरकणं परत आलं, ओरडणं परत आलं. एका संध्याकाळी तिसऱ्यांदा तीच ओळ चुकली तेव्हा मी म्हणाले, "जरा ऐकत जा हो."

बाई दोन आठवडे आल्या नाहीत.

त्यांचा कान चांगला आहे हे मीच त्यांना चाचणी घेऊन दाखवलं होतं. 'नुसते ओठ हलव' आणि 'जरा ऐकत जा' यांत त्यांच्यासाठी काही फरक नव्हता. मी फोन करून माफी मागितली आणि एक विनंती केली: तीच ओळ एकदा नेहमीच्या लयीत आणि एकदा निम्म्या लयीत म्हणून पाठवा. त्यांनी पाठवली. नेहमीच्या लयीत सात जागा सुटल्या होत्या. निम्म्या लयीत एकच.

अडचण लयीची होती. सीमोन दल्ला बेल्ला आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हीच गोष्ट प्रसिद्ध केली होती: न शिकलेली माणसं ओळखीचं गाणं संथ लयीत म्हणतात तेव्हा त्यातले बहुतेक जण गाण्यात मुरलेल्यांच्या जवळपास सुरात गातात. गळ्याला पुढच्या स्वराची तयारी करायला वेळ हवा असतो. शिकलेल्या गाणाऱ्याला तो वेळ निमिषमात्र पुरतो. बाईंना जास्त लागत होता, इतकंच. हे मला ठाऊक होतं, तरी समोर घडताना दिसलं नाही.

पुढचे चार महिने गाणं निम्म्या लयीतच राहिलं. लय वाढवायची ती थोडीथोडी, आणि सलग तीन दिवस ओळ सुरात आली तरच. पट्टी पांढरी पाचच. वरच्या सप्तकातल्या रे पर्यंत त्यांचा आवाज मोकळा जायचा. गाण्यातली एक जागा त्याहून वर होती, ती चाल जराशी वळवून खाली घेतली. काही जणांना हे पाप वाटेल. मला वाटत नाही.

निष्पत्ती

अकराव्या महिन्यात बाईंनी ते गाणं घरच्यांसमोर म्हटलं, एकट्याने, साथीशिवाय, लय मूळच्या पाऊणपट. ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. सुरुवातीला सा जिथे होता तिथून शेवटी तो अर्ध्या स्वराहून थोडा कमी उतरला होता. साथ नसताना हे पुष्कळांचं होतं. लांब स्वर पंचवीस-तीस सेंटच्या आत, जलद जागांमध्ये अजून पन्नासच्या वर चूक. घरच्या कुणाला यातलं काही कळलं नाही. त्यांनी फक्त गाणं ऐकलं.

आवाज गोड झाला का? हे मला नेहमी विचारलं जातं, म्हणून सरळ सांगते. थोडा. सूज उतरल्यावर खरखर कमी झाली आणि संध्याकाळी आवाज बसायचा थांबला. पण आवाजाचा पोत स्वरतंतूंच्या लांबी-जाडीवर आणि घशा-तोंडाच्या पोकळीच्या घडणीवर अवलंबून असतो. त्या पोकळीचा वापर शिकता येतो, ती घडण बदलता येत नाही. बाईंच्या आवाजातला जाड, किंचित राखाडी दाणा आहे तसाच आहे. तो आता सुरात असतो, आणि सुरात असला की कानाला बोचत नाही. वरच्या रे च्या पुढे आवाज अजून बारीक आणि काचरा होतो.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर असं होतं: सूर सुधारतो, पुष्कळ सुधारतो, पल्ला थोडा वाढतो, पोत बराचसा तोच राहतो. आणि चूक ज्या क्षणी होते त्या क्षणी ती ऐकू येईल अशी सोय नसेल, तर रियाज चुकीलाच बळ देतो.

आज वेगळं काय करेन

पहिल्याच दिवशी ध्वनिमुद्रण करेन. माझ्याकडे पहिल्या महिन्याचे आकडे वहीत आहेत, आवाज नाही, आणि बाईंना मागे वळून ऐकण्यासारखं काही देता आलं नाही.

'वर' हा शब्द पहिल्या काही तासांत वापरणार नाही. 'बारीक', 'हलका', किंवा हाताने नुसती दिशा.

लय आधी कमी करेन, स्वरांची संख्या नंतर वाढवेन. मी दोन्ही एकाच आठवड्यात वाढवलं तिथे घात झाला. आणि पुरुष शिक्षक असतील तर त्यांनी बायकांना किंवा मुलांना नमुना देताना सप्तकाचा फरक होतो हे आधी सांगावं. पुष्कळ नवखे तो फरक जुळवायच्या नादात भलतीकडेच जातात.

हे एकाच बाईंचं प्रकरण आहे आणि त्यांचा कान चांगला होता. वीसपैकी अकरा-बारा उत्तरं बरोबर आली असती, तर मी गळ्याकडे वळलेच नसते. आधी नुसतं ऐकण्यावर, कोणता उंच आणि कोणता नीच यावर कित्येक आठवडे काढले असते, आणि वर्षभरात गाणं होईल असं वचन दिलं नसतं.

बाई अजून येतात. सध्या तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, चालू आहे. तो त्यांच्याकडून पंचमाकडे ओढला जातो. म्हणून ग वरून त्यावर यायचं, प वरून उतरायचं नाही, असा नियम केला आहे. परवा चारपैकी तीन वेळा तो जागेवर बसला.